मोठ्या पायांची बहीण

माझे पाय लहानपणापासून मोठे. दहा वर्षांची होते तेव्हाच मायची चप्पल मला यायची, आणि लग्नात जोडवी घालताना सासरच्या बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलेलं मला अजून आठवतं. माय म्हणायची, "पाय मोठे हायत तं बरंच हाय. चिखलात रुतत नाई." तिच्या लेखी पाय चालण्यासाठी असतात, पाहण्यासाठी नसतात. मीही तसंच समजून खुशाल हुंदडत होते. पुढं एका गोष्टीनं मला पाय परकराखाली ओढून घ्यायला शिकवलं आणि ती खोड काही सुटली नाही. आता सत्तरी ओलांडली, तरी कुणाकडं गेले की माझी चप्पल मी इतरांच्या चपलांपासून लांब, भिंतीकडं सरकवून ठेवते. सून हसते. हसू दे.

मी आठ वर्षांची असताना मायनं दुसऱ्यांदा संसार मांडला. विधवेच्या अशा लग्नाला आमच्याकडं मोहतूर म्हणतात. दर्यापूरजवळच्या आजोळाहून माय, मी आणि एक पत्र्याची पेटी अशा तिघी एसटीनं अमरावतीला आलो. नवे वडील, म्हणजे ज्यांना मी पुढं आयुष्यभर बाबा म्हटलं ते, जातीचे माळी. गावाबाहेर त्यांची फुलांची वाडी होती. झेंडू, शेवंती, गुलाब, आणि विहिरीच्या कडेनं मोगऱ्याची रांग. त्यांची पहिली बायको वारली होती आणि तिची एक मुलगी होती, नलू, माझ्याहून वर्षानं लहान. आम्ही आलो तेव्हा ती दारात उभी होती, हातात अर्धा खाल्लेला पेरू. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तो पेरू पुढं केला. मी चावा घेतला. त्यापुढं आमच्या बहीणपणाला कुणाची साक्ष लागली नाही.

आमच्या घरात अजून एक बाई होती, ती मायच्या गळ्यात. बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्यातली रीत. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नाक-डोळे नाहीत, नुसता पदर आणि दोन हात. ती नलूची आई. घरात नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, मग मायनं नेसायचं. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. माय हे सगळं बिनतक्रार करायची, आणि वर त्या बाईशी बोलायची. दिवेलागणीला टाक चिमटीत धरून पुटपुटायची, "तुह्या लेकीले आज म्या फटका देल्ला. कळ्याच तोडून टाकल्या तिनं. तू असती तं तूबी देल्ला असता." मग लुगड्याला हात पुसून पदर सावरायची आणि भाकरी थापायला बसायची. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. शेजारीण शेजारणीला सांगते तसं ते होतं.

मायची जीभ तिखट होती. अंबाडीच्या भाजीत ती मिरच्या घालायची तशाच बोलण्यात घालायची. पहाटे विहिरीवरचं इंजिन फट्फट् करत सुरू झालं की पाठोपाठ तिचा आवाज सुरू. "ऊठ वं कारटे, फुलं का तुह्या बापाची वाट पायतीन?" हे मला. "नले, भवाने, परडी कुठी ठुली?" हे नलूला. शिव्यांची वाटणी अगदी काट्यावर मोजल्यासारखी सारखी होती आणि आम्ही दोघी त्या ऐकत, जांभया देत, दवानं भिजलेल्या शेवंतीत शिरायचो. परत आलं की तव्यावरची ज्वारीची गरम भाकर, त्यावर तेल आणि ठेचा. नलूचे पाय लहान, नाजूक, बोटं अगदी ओळीनं बसवलेली. चुलीपुढं चौघंही पाय पसरून बसायचो आणि कुणाचे पाय केवढे हे कुणी पाहत नव्हतं.

मग ती गोष्ट घरात आली. आमच्या शाळेत पुस्तकांची एक पेटी होती. जिचं गणित आधी होईल तिला बाई पेटी उघडून एक पुस्तक घरी न्यायला द्यायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि आतल्या चित्रांना कुणीतरी शाईनं मिशा काढल्या होत्या. त्यात परदेशातल्या गोष्टी होत्या आणि तिसरी गोष्ट ती होती. जगातल्या सगळ्या पोरींना ठाऊक असलेली. आई मेलेली मुलगी, सावत्र आई, तिच्या दोन कुरूप मुली, चुलीतली राख, भोपळ्याची गाडी, काचेचा बूट. मी ती किती वेळा वाचली ते सांगता यायचं नाही. वाडीच्या कुंपणाला भोपळ्याचा वेल होता. त्यावरच्या एका भोपळ्यावर मी हात फिरवून पाहिला. चुलीतली राख काढताना बोटभर राख मुद्दाम गालाला लावून घ्यायची आणि बाबांचा दाढीचा आरसा गुपचूप काढून बघायची. मला वाटायचं, ती मीच. परक्या घरात आलेली, चुलीजवळ झोपणारी, पहाटे उठणारी, आतून राजकन्या असलेली.

आता नात मोबाइलवर तीच गोष्ट बघते, रंगीत, गाण्यांसकट, आणि संपली की मला विचारते, "आजी, मी तिच्यासारखी दिसते ना?" तिला एक तीळसुद्धा उचलावा लागत नाही. चार माणसं तिचं दूध घेऊन मागं फिरतात, आणि तीसुद्धा राखेतली पोर. या गोष्टीची सगळी जादू यातच आहे असं मला वाटतं. प्रत्येक पोर स्वतःला चुलीजवळ बसवून घेते. राग आला, आईनं हटकलं, भावाला मोठा लाडू दिला, की ही गोष्ट तिला कुशीत घेते आणि सांगते, तुझं खरं मोल यांना कळलेलं नाही. त्या दोन बहिणींच्या जागी स्वतःला ठेवून ही गोष्ट वाचलेली एकही पोर मला आजवर भेटली नाही. मीही ठेवलं नव्हतं. खरी सावत्र आई जिला होती ती पोर माझ्या शेजारी, माझ्याच वाकळेत झोपत होती, आणि तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही. वाचता येणं आणि अक्कल असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. आमच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ओसरीवर बारदानं अंथरलेली, त्यावर झेंडूचा ढीग, आणि भोवती सुया-दोरे घेऊन बसलेल्या बाया. माय, नलू, शेजारची गयाबाई, तिच्या दोन सुना. गयाबाई हंगामात हार ओवायला यायची. हात भरभर चालायचे आणि तोंड त्याहून भरभर. झेंडूचा तो उग्र वास, बोटं पिवळी झालेली, कुठं देवळाकडून वाजणारा कर्णा. मायला माझ्या वाचण्याचा भारी अभिमान. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती म्हणाली, "विमले, तू ओवू नको आज. ते पुस्तक आन आन् वाच. आमचे हात चालतीन, कान रिकामेच हायत."

मी उंबऱ्यावर बसले आणि वाचायला लागले. नुसतं वाचत नव्हते, वठवत होते. पुस्तकातली सावत्र आई शुद्ध बोलायची, ते मला मिळमिळीत वाटलं. मी तिला आमची भाषा दिली. "ऊठ वं कारटे! राख कोण काढीन? भवाने, कुठी मेली?" हुबेहूब मायचा आवाज, मायचा हेल, मायचं कमरेवर हात ठेवणं. गयाबाईच्या सुना खो खो हसल्या. मायही हसली. मला आणखी चेव आला. मी पानामागून पान उलटत गेले आणि सावत्र आईला अधिकाधिक माय करत गेले. हसू केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. गयाबाई सुईत दोरा घालत म्हणाली, "मंग? सावतर मंजे अशीच रायते. पाय ना, पुस्तकातबी तेच लेयलं हाय."

आमच्या घरी पुस्तकातलं म्हणजे खरं. पंचांगात लिहिलेलं, पोथीत लिहिलेलं आणि शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं यांत मायनं कधी फरक केला नाही. तिचा हात गळ्यातल्या टाकाकडं गेला आणि तिथंच राहिला. नलू मान खाली घालून ओवत होती. मी गप्प बसायला हवं होतं, पण मायच म्हणाली, "मंग? पुढं काय झालं? वाच." मी वाचलं. हेल न काढता, भराभर. काचेचा बूट आला. राजाची माणसं दारात आली. मोठी बहीण बुटात पाय घालायला बघते आणि पाय काही मावत नाही, हे वाक्य मी वाचलं आणि गयाबाईची धाकटी सून फुस्कन हसली. ती माझ्या पायांकडं बघत होती. मग सगळ्याच बघायला लागल्या. उंबऱ्यावरून ओसरीवर सोडलेले माझे ते दोन लांबरुंद पाय, टाचा भेगाळलेल्या, अंगठे बाहेर. आणि त्यांच्या शेजारी, बारदानावर, झेंडूच्या पाकळ्यांत, नलूचे एवढेसे पाय. मी पुस्तक मिटलं. त्या क्षणी मला गोष्टीतली माझी जागा कळली. ती राखेत नव्हती.

लाज वाटणं काय असतं ते मला त्या दुपारी समजलं. पायांची लाज वाटली ती तर होतीच. पण मायचा आवाज मी गोष्टीतल्या बाईच्या तोंडात घातला, चार बायांपुढं, मायच्याच ओसरीवर, आणि तो तिथं इतका चपखल बसला, याची जी लाज वाटली ती सांगायला मला शब्द सापडत नाहीत.  मायनं उरलेला झेंडू ओवून संपवला.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. पहाटे इंजिन सुरू झालं, मायचा आवाज आला, "विमले, ऊठ." नलूचं नाव नाही. नलू उठून बसली तर माय म्हणाली, "तू निज बाई. थंडी हाय." राख मी काढायची, सारवण मी करायचं, फुलं मी तोडायची. सायीची वाटी आधी नलूपुढं. दिवाळीत चप्पल एकटीला आली, नलूला. ती तिच्या पायांत अगदी बरोबर बसली आणि बसलेली मी पाहिली. गंमत बघा, गालाला राख लावायची गरजच उरली नाही, ती आपोआप लागायला लागली. राखेतली पोर व्हायचं माझं स्वप्न मायनं असं पुरवलं. सुरुवातीला मला त्यात थोडं सुखही वाटलं, हेही लिहिते, कारण तेही खरं आहे. गयाबाई आता दारोदार सांगायची, "सावतर असून कशी ठेवते पोरीले, फुलावानी." ते मायच्या कानावर यायचं. तिची मान ताठ व्हायची. बाबा वाडी आणि बाजार यांत बुडालेले. त्यांना वाटलं, बरं चाललं आहे.

बरं चाललं नव्हतं ते एका नलूला कळत होतं. ती ओट्यावर पाय जवळ घेऊन बसायची, पाहुणी बसते तशी. कळ्या तोडल्या तरी तिला कुणी बोलत नव्हतं. तांब्या सांडला तरी नाही. दिवेलागणीला माय टाक हातात घ्यायची, पण सांगायला काही उरलं नव्हतं. नुसती हात जोडायची. एकदा शाळेतून येताना नलू मला म्हणाली, "तुले रोज शिव्या देते माय." मी म्हटलं, "मंग?" ती म्हणाली, "मले नाई देत." मला वाटलं ती टेंभा मिरवते आहे. मी तिच्या नव्या चपलेवर मुद्दाम पाय दिला आणि पुढं निघून गेले.

उन्हाळ्यात लग्नसराई आली. एका मोठ्या घरच्या लग्नाचे हार होते. वराचा, वधूचा, गुलाब आणि मोगऱ्याचे, मधे जर घातलेले. सकाळपासून सगळ्या ओवत होतो. तयार हार ओल्या फडक्याखाली परातीत ठेवलेले. माय पाणी शिंपडायला उठली तेवढ्यात नलू तिथं गेली, कात्री घेतली आणि वधूच्या हाराचा दोरा मधोमध कापला. घाईत नाही, चुकून नाही. मी पाहिलं. मोगरा परातीतून ओसरीभर सांडला. माय वळली. गयाबाई, तिच्या सुना, सगळ्यांचे हात थांबले. माय नलूकडं आली, तिच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे बाई. लागलं तं नाई ना?" मग माझ्याकडं वळून तिनं माझ्या पाठीत जो रपाटा घातला, त्याचा आवाज मला आठवतो. "टवळे, परात मधात कोणं ठुली? उचल फुलं."

मी फुलं वेचायला वाकले. नलू किंचाळली नाही, रडली नाही. मायच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिनं नाई, म्या कापला. मुद्दाम कापला. मले मार." माय म्हणाली, "असू दे बाई." नलू म्हणाली, "मले काहून नाई मारत वं? मी तुही नोहे काय?"

मायनं हात उचलला. मला वाटलं, आता देईल एक ठेवून आणि सगळं पहिल्यासारखं होईल. मी मनातल्या मनात म्हणत होते, मार, माय, मार तिला. हात खांद्यापर्यंत गेला. तिथं मायनं गयाबाईकडं पाहिलं, सुनांकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती मला विचारत होती, पुस्तकात पुढं काय लिहिलं आहे. हात खाली आला आणि टाकावर जाऊन थांबला. नलू माझ्या शेजारी बसून फुलं वेचायला लागली. तिनं त्यानंतर कधी काही मोडलं नाही, कापलं नाही. शहाणी मुलगी म्हणून वाढली, शहाणी म्हणूनच अकोल्याला लग्न होऊन गेली. मायनं तिला अहेरात कमी केलं नाही, आणि जाताना रडली तीसुद्धा बेतानं, लोक बघतील तेवढीच.

पुस्तक मी शाळेत परत दिलं. बाईंनी विचारलं, आवडलं का. मी हो म्हटलं.

बाबा गेल्यावर माय माझ्याकडं राहायची, पण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे गेलेले. नलूचं घर बैठं. ती स्वतः येऊन मायला अकोल्याला घेऊन गेली. तिथं मायचं विसरणं सुरू झालं. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची, एक नलूचं सोडून. नलूचा फोन यायचा. "आज मले दिवसभर शिव्या देल्या," ती सांगायची. "भवानी म्हने, टवळी म्हने. भाकर करपली तं उलथनं फेकून मारलं." हे सांगताना तिचा आवाज असा फुललेला असायचा की मी फोन कानापासून जरा दूर धरायची. साठी ओलांडलेली बाई, तिला उलथनं मारल्याचा आनंद झाला होता. तो आनंद तिला पन्नास-पंचावन्न वर्षं उशिरा मिळाला, आणि उशीर कुणामुळं झाला ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिनं मला कधी बोल लावला नाही.

एकदा मी भेटायला गेले. वाटेतलं मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हापासूनच मनात ठरवत होते, मायच्या अगदी जवळ बसायचं, ती जे बोलेल ते ऐकायचं, मलाही दोन शिव्या मिळतील. माय खाटेवर बसली होती, पांढरी, लहान झालेली, गळ्यात फक्त तो टाक. त्यावरची आकृती झिजून नुसता गुळगुळीत पत्रा राहिला होता. मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लुगडं सावरून घेतलं, परकं माणूस आल्यावर बाया सावरतात तसं. तिला पाणी द्यावं म्हणून मी पेला उचलला. पेला हातातून निसटला, सगळं पाणी तिच्या मांडीवर. मी वाट पाहत होते. मायनं पेला हळूच उचलून बाजूला ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाली, "राहू दे बाई. लागलं तं नाई ना?"

 माय टाक चिमटीत धरून त्याच्याशी बोलायला लागली, लहानपणी मी ऐकायची तसंच, दिवेलागणीचं पुटपुटणं. "तुही लेक आली हाय भेटाले," ती म्हणाली. "पाय बरं, म्या तिले काई बोलली नाई." तिच्या लेखी टाकातल्या बाईची लेक आता मी होते. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून तिनं जुन्या आवाजात हाक दिली, "नले, भवाने, कुठी मेली वं? पोरगी कवाची येऊन बसली, तिले च्या आन." नलू दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चहा आणून माझ्यापुढं ठेवला, कपावर बशी झाकलेली, पाहुण्याला देतात तसा, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.